तुझा गुण्या, माझा डोळा

मिलिंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं होतं. विहारापुढच्या मांडवात सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलेले, माझ्या हातात माईक दिला, आणि मी "आमचा मिलिंद" एवढं म्हणून थांबलो. माईक परत दिला आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मित्राला गहिवरून आलं. गहिवरून आलं होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरं कारण वेगळं होतं. तुझ्याबद्दल बोलायचं म्हटलं की मला आपली भांडणंच आठवतात, आणि त्या दिवशी भांडायला सुरुवात केली असती तर उत्तर द्यायला तू नव्हतास. एकट्यानं भांडायची मला सवय नाही.

ते राहिलेलं भांडण आता लिहून करतो. तसंही तू असताना मी बोलायचो आणि तू ऐकून घ्यायचास, शेवटी एकच वाक्य असं बोलायचास की माझी बोलती बंद. आता निदान ते वाक्य येणार नाही, असं वाटलं होतं. आलंच. कसं ते सांगतो.

कार्यक्रमानंतर काही दिवसांनी सुनीतावैनींनी मला घरी बोलावलं. तुझी ती निळी पत्र्याची पेटी त्यांनी पलंगाखालून काढून समोर ठेवली होती. झाकण उघडं होतं. केसाएवढं मापही आकड्यात दाखवणारा तुझा मोठा जपानी व्हर्नियर, काटकोन बघायचा परदेशी गुण्या, पोलादी पट्टी, सगळं फ्लॅनेलच्या कापडात नीट गुंडाळलेलं. लातूरचा कुणीतरी दुकानदार ही हत्यारं विकत मागत होता म्हणे.

"भावजी, खरं सांगा," वैनी म्हणाल्या. "ही हत्यारं कामाची व्हती, का त्यांचं नुसतं येड व्हतं?"

मी गुण्यावरचं फ्लॅनेल जरा सारलं.

"घरात कूलर घ्यायचा तवा हा गुण्या आला," त्या म्हणाल्या. "म्या काय बोलले न्हाय. दर उन्हाळ्यात पोरं गच्चीवर झोपली. आता हे येडच आसल, तर देऊन मोकळी व्हते. कामाची आसतील तर तसं सांगा. म्हंजी ते उन्हाळे आठवले तरी मला बरं वाटंल."

"बघून सांगतो वैनी," असं म्हणून मी उठलो. दुकानात चार माणसांदेखत, तुझ्या तोंडावर, "येड लागलंय ह्याला" असं मी इतक्या वेळा म्हटलेलं होतं. त्या दिवशी मात्र ते बोलवेना, आणि कामाची होती असंही बोलवेना. वैनींना खोटं सांगायचं नव्हतं, आणि खरं काय ते मला ठाऊक नव्हतं.

तू पुण्याच्या फाउंड्रीतून परत आलास ते दिवस आठवतात. ओतकामासाठी लाकडी साचे करायचास तिथं. आईवडील थकले म्हणून नोकरी सोडून धाराशिवला आलास, आणि शाळेतला दोस्त म्हणून माझ्या वडिलांच्या दुकानात माझ्याबरोबर उभा राहिलास. पहिल्याच आठवड्यात तू मला तिथली पट्टी दाखवलीस. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचा करणाऱ्याची पट्टी मुळातच जरा लांब आखलेली असते. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या कंपनीत पट्टीसुद्धा खोटी. तू म्हणालास, "खोटी न्हाय, ठरवून चुकलेली हाय. तुझ्यागत अंदाजानं न्हाय." वडील हसले. तू घरी गेल्यावर मला म्हणाले, "पोरगं हुशार हाय, पर लाकडाला लोखंडागत मोजायलंय."

तेच तर माझं म्हणणं होतं. लाकूड आहे ते. आज मोजलेलं उद्या तेवढं राहत नाही. पावसाळ्यात फुगतं, चैत्रात आकसतं. त्यात आपल्याकडच्या भिंती गवंड्यानं डोळे मिटून उभ्या केलेल्या. केसाएवढं माप जिवापाड जपायचं आणि ते कपाट नेऊन ठेवायचं त्या वाकड्या भिंतीला. नाकापेक्षा मोती जड. साधी टेप, साधा गुण्या आणि नजर, एवढ्यावर माझ्या वडिलांनी जन्म काढला आणि आज्यानं तर टेपही पाहिली नव्हती. तिफणी करायचा, कुळव करायचा. एक डोळा मिटून लाकडाच्या कडेनं बघायचा आणि बाक कुठं आहे ते बोटानं दाखवायचा. मलाही तो बाक दिसतो. हे मला कुणी शिकवलं नाही, घरात सगळेच तसं बघायचे.

तू सगळं ऐकून घ्यायचास. मग म्हणायचास, "फुगतंय, आकसतंय म्हणून मापात सूट द्यायची आसल, तर सूट कशातनं द्यायचीस ते तरी ठावं पायजे का न्हाय?"

ह्यावर मी चहा सांगायचो.

खंडेनवमीची तर आपली ठरलेली लढाई. मी सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडायचो, रंधे, पटाश्या, करवती, आणि हळदकुंकू लावत ओळीनं पुढं जायचो. तुझ्या गुण्याजवळ आलो की तू आडवा हात घालायचास. "कुंकवाच्या पाण्यानं डाग पडतो त्याला. गंज धरतो." मी म्हणायचो, तुमच्यात देव नाहीत म्हणून तू व्हर्नियर पुजतोस, मग माझ्या कुंकवाचं काय वावडं. तू म्हणायचास, "म्या पुजत न्हाय, पुसतो. पुजणारा तू." शेवटी तहाची बोलणी व्हायची. तुझी पेटी ओळीत ठेवायची, पण झाकण बंद, आणि वर एकच झेंडूचं फूल, तेही कोरडं. यंदा तू आपण होऊन झाकण उघडं ठेवलंस. कुंकू नको, पण फूल आत ठेव म्हणालास. मी चेष्टा केली, म्हटलं बाटलास. तू हसलास. ती आपली शेवटची खंडेनवमी आहे हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, नाहीतर मी चेष्टा जरा कमी केली असती.

पण ही झाली वरवरची भांडणं. खरं भांडण तुळजापूरच्या लॉजवरून येताना झालं, आणि ते अर्धंच राहिलं.

त्या लॉजच्या खोल्यांची दारं आपण केली होती. एक दार घासत होतं म्हणून मालकानं बोलावलं. दोघं गेलो. मालकानं दाराकडं बघितलं, मग तुझ्याकडं, आणि मला म्हणाला, "मिस्त्री, हे दार तुमच्या हातचं दिसत न्हाय." खरं तर ते दार मीच केलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तू पिशवीतून गुण्या काढलास. आधी दाराच्या कोपऱ्याला लावलास. गुण्या आणि लाकूड यांच्यामधून उजेडाचा कणही दिसत नव्हता. मग तोच गुण्या भिंतीत बसवलेल्या चौकटीला लावलास, तर बोट जाईल एवढी फट. "दार सरळ हाय," तू म्हणालास. "भिंत कललीया, चौकट तिच्यासंगं वाकडी बसलीया." मालक ती फट बघायला वाकला. दार कुणी केलं होतं हे तू त्याला सांगितलंच नाहीस.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी तुझ्यावर चिडलो. गिऱ्हाइकाला तोंडघशी पाडायची काय गरज होती, दोनदा रंधा मारला असता तर दार बसलं असतं, आणि मालकही खूश झाला असता. तू बशीत चहा ओतलास.

मग म्हणालास, "तुझ्या कामात फट दिसली की लोक म्हणत्यात, लाकूड आकसलं. माझ्या कामात दिसली की म्हणत्यात, हा ह्याचा धंदा न्हाय. तुला डोळा घरातनं मिळाला, दत्ता. मला इकत घ्यावा लागला. महाग पडला, पर हा गुण्या कुणाचं आडनाव इचारत न्हाय."

मी म्हटलं, "येड्यासारखं बोलायलास. लोक काय तसे न्हाईत."

तू चहा संपवलास आणि गाडीला किक मारलीस. त्यानंतर हा विषय आपण काढला नाही. तू काढला नाहीस, कारण तुला जे सांगायचं ते सांगून झालं होतं. मी काढला नाही, कारण मला तो पुढं न्यायचाच नव्हता. लोक मला मिस्त्री म्हणायचे आणि तुला मिलिंद म्हणायचे. कालची पोरंसुद्धा, "मिस्त्री हैत का, मिलिंद?" असं तुला विचारत दुकानात शिरायची. मला ते ऐकू यायचं. पण शाळेपासूनचा मिलिंद तो, नावानंच हाक मारणार, असं मी धरून चाललो होतो.

आणि मग माकणीचं काम आलं. धरणाच्या अंगाला बालाजीरावांची शेती. करडई, सूर्यफूल, कांद्याचं बियाणं असं सगळं करतात, आणि फुलांवर मधमाशा पाहिजेत म्हणून मधपेट्या ठेवायला लागलेत. त्या पेट्या आपल्याकडून करून घ्यायच्या ठरल्या. बाहेरची पेटी मी करायची, आतल्या फ्रेम तू. मधमाशीचं गणित बालाजीरावांनी समजावून सांगितलं तेव्हा तुझा चेहरा दिवाळीसारखा उजळला. फ्रेम आणि पेटीचा तळ यांच्यात एक माशी आरामात चालत जाईल एवढीच जागा पाहिजे. कमी राहिली तर माश्या ती राळेनं चिकटवून टाकतात. जास्त राहिली तर तिथं पोळं बांधतात. दोन्हीकडून फ्रेम अडकते.

"दत्ता, आता तुला खरं गिऱ्हाईक भेटलं," तू म्हणालास. "ह्यांला भिंतीचं कारण सांगून चालत न्हाय."

तू आधी वीतभर लांबीची एकच पट्टी केलीस. फ्रेमच्या बाजूला लागणारी. व्हर्नियरमध्ये धरून घासलीस, परत धरलीस, परत घासलीस. मी म्हटलं, लग्नाला उभी करणार आहेस का हिला. मनासारखी झाल्यावर तिच्यावर पेन्सिलीनं 'मूळ' असं लिहिलंस. सगळे तुकडे तेवढेच कापले जावेत म्हणून त्या पट्टीवरून मशीनला ठोकळा लावलास आणि पहिल्या खेपेच्या सगळ्या फ्रेम कापल्यास. ती खेप तूच टेम्पोत बसून माकणीला पोचवलीस. दुसऱ्या खेपेची लाकडं दुकानात येऊन पडली होती, आणि दिवाळीनंतर तू गेलास. जेवायला म्हणून घरी गेलास तो परत आलाच नाहीस. सोलापूरला नेईपर्यंत काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ते वैनींचं आहे.

दुकान उघडलं तेव्हा तुझ्या बाकावर ती पट्टी होती. काम तर पुरं करायलाच हवं होतं. मी पट्टी उचलली, नव्या लाकडावर ठेवली, पेन्सिल लावली आणि थांबलो. तिच्यावरचं तुझं अक्षर माझ्या अंगठ्याखाली आलं होतं. दहा वेळा धरली असती तर पुसलं गेलं असतं. मग एकच पट्टी तिच्यावरून कापली आणि तुझी पट्टी धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळून गल्ल्यावरच्या फळीवर ठेवली. पुढचं काम त्या नव्या पट्टीवरून. ती लाकडांत कुठंतरी मिसळली की कापून ठेवलेल्यांतली हाताला येईल ती घ्यायची आणि तिच्यावरून पुढची. मशीनला ठोकळा लावला असता तर एकदाच माप घ्यावं लागलं असतं. पण तेव्हा मला मशीनचा आवाज सहन होत नव्हता. ते मशीन तूच चालवायचास. मी हातकरवतीनं कापत बसलो. बरं वाटत होतं.

आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला एक नियम आहे. कापायचं ते पहिल्या तुकड्यावरून. कापलेल्यावरून कापायचं नाही. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेची जाडी मापात मिसळते आणि ती साठत जाते. हा नियम मी स्वतः कितीजणांना दरडावून शिकवलाय. आणि मीच तो मोडला, तोही तुझा तुकडा जपून ठेवायच्या नादात. आता तू म्हणशील, तुझा डोळा कुठं गेला होता. डोळा होता की. पण डोळ्याला शेजारच्या दोन पट्ट्यांमधला फरक दिसतो, आणि शेजारशेजारच्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच होत्या. पहिली आणि शेवटची मी कधी एकत्र धरलीच नाही.

करडई फुलली तेव्हा बालाजीरावांचा फोन आला, येऊन जरा बघून जा. गेलो. बांधाच्या कडेला पेट्या मांडलेल्या होत्या. त्यांनी धूर दिला, झाकण काढलं, आणि दुसऱ्या खेपेतल्या एका पेटीतली फ्रेम वर ओढली. येईना. खाली तळाला राळेनं पक्की चिकटली होती. जोर लावला तशी कडकन तुटून वर आली, पोळं फाटलं, मध सांडला आणि किती माश्या चिरडल्या कोण जाणे. तशाच आणखी दोन पेट्या दाखवल्या.

"बघा मिस्त्री," बालाजीराव म्हणाले. "पेटी कशी झ्याक बसलीया. सुताराचा हात दिसतोय. फ्रेमाचं काम मातूर कच्चं निघालं. आता जाऊ द्या, गेलेल्या माणसाला काय बोलायचं."

"ह्या फ्रेमा म्या केल्यात, बालाजीराव," मी म्हटलं. "मिलिंद गेल्यावर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "तुमचं मन लई मोठं हाय. मैतराची बाजू घ्यावी तर अशी."

"बाजू घेत न्हाय. खरंच म्याच केल्यात."

"बरं, बरं. तुम्ही म्हणताव तसं," ते म्हणाले आणि चहा आणायला माणूस पिटाळला.

मिलिंदा, माणूस वाईट नाही तो. तुझ्या मातीला आला होता, डोळे पुसत होता. मनात काळंबेरं असतं तर मी भांडलो असतो. पण तो माझं कौतुक करत होता. चूक माझी, नाव तुझं, आणि वर मोठं मन तेवढं परत माझंच. अख्खा तालुका माझ्या शब्दावर दारं-खिडक्या करायला टाकतो, आणि तोच शब्द तुझ्यासाठी उच्चारला तर त्याची किंमत शून्य. तो चहा मी तसाच ठेवला. तुझं ते लॉजच्या वाटेवरचं बोलणं तेव्हा मला शब्दन् शब्द आठवलं. तू उत्तर द्यायला नाहीस असं मी म्हणत होतो ना, तू आधीच देऊन ठेवलं होतंस.

संध्याकाळी माकणीहून थेट तुमच्या घरी गेलो आणि पेटी मागितली.

"इकायचं ठरलं का?" वैनींनी विचारलं.

"न्हाय वैनी. माकणीला न्यायचीया." मी घडलेलं सगळं सांगितलं. बालाजीराव काय म्हणाले तेही सांगितलं. त्या आत गेल्या आणि तेलाचा हात लावलेलं फडकं घेऊन आल्या. "हे बी न्या. कापडाबिगर त्यांनी कदी हात लावू दिला न्हाय कुणाला."

दुसऱ्या दिवशी परत माकणी. मी बालाजीरावांना म्हटलं, मी काही बोलत नाही, फ्रेम मी मोजतो आणि आकडा तुम्ही वाचा. आधी पहिल्या खेपेच्या पेट्या काढल्या. ते धूर देत होते, माश्या झटकून फ्रेम माझ्याकडं देत होते, मी तुझा व्हर्नियर लावत होतो. एक आकडा आला. दुसऱ्या फ्रेमला तोच. तिसरीला तोच. अगदी टोकाचा शेवटचा आकडा इकडंतिकडं व्हायचा, लाकूडच आहे ते, तेवढं तुलाही मान्य असेल. बालाजीराव आधी पोरं पाढे म्हणतात तसे भराभर वाचत होते. मग त्यांचा आवाज हळू होत गेला.

नंतर दुसरी खेप. एक फ्रेम मोठी, दुसरी तिच्याहून मोठी, तिसरी जरा लहान, चौथी एकदम मोठी. दोन फ्रेमांचा आकडा जुळेल तर शपथ. एक माशी मनगटाला चावली तरी मी हात हलवला नाही. बालाजीराव वाचायचे थांबले.

"ह्या दोन येगळ्या हाताच्या हैत," ते म्हणाले.

"व्हय."

"पयल्या त्यांच्या."

"व्हय. त्या तर त्यांनीच आणून दिल्या व्हत्या तुमाला."

"मग ह्या..."

"म्या काल सांगितलं की."

त्यांनी टोपी काढली आणि टाळूवरून हात फिरवला. "तुम्ही सांगितलंव. पर मला वाटलं..." पुढं बोलले नाहीत. मीही त्यांना पुढं बोलायला लावलं नाही. खोटं सांगत नाही, लावावंसं वाटलं होतं. पण मग मला माझंच आठवलं. लोक काय तसे न्हाईत, असं तुला सांगणारा मीच होतो.

व्हर्नियरच्या जबड्यांना राळ लागली होती. बांधावर बसून मी ती वैनींनी दिलेल्या फडक्यानं पुसून काढली. पुसताना तुझी आठवण येऊन रडलो. बालाजीराव लांब पेट्यांपाशी काहीतरी करत उभे राहिले.

आता भांडणाचं. किचनच्या ट्रॉलीला तुझा परदेशी गुण्या लागत नाही, हे मी अजूनही म्हणतो, वर येऊन सांगायची वेळ आली तरी म्हणेन. नवीन पोरं दुकानात येतात, फोनवर व्हिडिओ बघून महागाची हत्यारं मागवतात आणि साधी पटाशी पाजळता येत नाही. त्यांना मी अजून तेच सांगतो, आधी नजर कमव. ह्यात तू मला हरवलं नाहीस. पण एक गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नाही. मला ती हत्यारं कधी घ्यावी लागली नाहीत, कारण माझ्या कामाची साक्ष माझं आडनाव देत होतं. तुझ्यासाठी कुणीच उभं नव्हतं, म्हणून तू साक्षीदार विकत आणलास. कूलर न घेता आणलास. माझ्या डोळ्यावर लोकांचा जो विश्वास होता, तो सगळाच काही माझ्या डोळ्यानं कमावलेला नव्हता. हे मला तुझ्यासमोर कबूल करता आलं असतं तर तू काय म्हणाला असतास? बहुतेक काहीच नाही. तूच चहा सांगितला असतास.

आणि तरी मनाला बरं वाटत नाही. मी जिवंत माणूस समोर उभा राहून सांगतोय तर खोटं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या व्हर्नियरनं सांगितलं तर खरं. अशा ठिकाणी ते हत्यार कामाचं ठरलं ह्याचा आनंद करायचा की काय करायचं, मला कळत नाही.

वैनींना काय सांगायचं ते मात्र कळलं होतं. पेटी परत द्यायला गेलो तेव्हा माकणीत काय झालं ते पहिल्यापासून सांगितलं.

"आकडा त्यांनी सोता वाचला?" वैनींनी विचारलं.

"सोता. मोठ्यानं."

"मग कामाची व्हती," त्या म्हणाल्या.

"व्हय वैनी. कामाची व्हती."

त्यांनी लातूरच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पेटी माझ्याकडं सरकवली. मी म्हटलं, तुमच्याकडंच असू द्या, पोरांना आठवण राहील. त्यांनी मान हलवली. "पलंगाखाली ठेवायला आणली नव्हती त्यांनी. वापरा. पर पुसून ठेवत जावा." तुझी बायको शोभते.

खराब फ्रेम मी सगळ्या परत आणल्या. गल्ल्यावरची तुझी पट्टी काढली, फडकं सोडलं, व्हर्नियरमध्ये धरली आणि तिच्यावरून मशीनला ठोकळा लावला. मशीन सुरू केलं. आवाज झाला तेव्हा एकदा बंद केलं, परत सुरू केलं, मग कामाला लागलो. आता ती पट्टी फळीवर नसते, बाकावर असते. 'मूळ'मधला 'मू' जवळजवळ पुसला गेलाय. तिच्या कडा झिजतील तेव्हा व्हर्नियर सांगेलच, मग तिच्या मापाची दुसरी करेन. त्या दुसरीवर 'मूळ' लिहायला माझं मन घेईल का, ते आत्ता सांगता येत नाही.

नव्या फ्रेम पोचवल्यावर आठवड्याभरानं बालाजीरावांचा फोन आला. फ्रेम नीट निघतायत, शेजारच्या शिवारातल्या एकालाही पेट्या पाहिजेत. "पर एक सांगतो," ते म्हणाले, "मिलिंद मिस्त्रींच्या मापाच्याच करा. दुसऱ्या मापाच्या नको."

मी फोन ठेवला. आपल्या दुकानात बसून तू इतकी वर्षं काम केलंस, आणि हे दोन शब्द एकत्र मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी तरी कुठं म्हटलं होतं कधी. दुकान बंद केलं आणि वैनींकडं गेलो. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बालाजीराव काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं.

त्यांचे हात थांबले.

"परत म्हणा," वैनी म्हणाल्या.

मी परत म्हटलं.